हिंगणमाळ पंगतीत

"बाकी सगळी गावं घ्या. हिंगणमाळ तेवढं बाहेर ठेवा," मगदूम साहेब म्हणाले आणि विषय संपल्यासारखा चहा ढवळायला लागले.

चौगुले मॅडमनी मान वर केली. "बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बंद. तुमच्या त्या मशिनीत बंद करायची सोय आहे की नाही?"

"आहे ना. सोय सगळी आहे."

"मग झालं तर."

मगदूम साहेब आमच्या भागातल्या दूध संघाचे अध्यक्ष. त्यांच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर सिद्धोबाच्या देवळाचा भलामोठा फोटो होता. देऊळ त्यांच्या गावचं, बोरसांगव्याचं; शिखर त्यांनीच बांधून घेतलेलं. केबिनमध्ये येणाऱ्याला आधी फोटोकडे बघावं लागायचं आणि मग साहेबांकडे. मी त्या महिन्यात इतक्या वेळा बघितलं होतं की देवळाच्या पायऱ्या पाठ झाल्या होत्या.

शिपायानं मॅडमपुढे कोरा चहा ठेवला. चेहऱ्यावर नाराजी होतीच.

"आमच्या संघात येऊन कोरा चहा पिणाऱ्या तुम्ही पहिल्याच," साहेब हसत म्हणाले. "दुधात काय खोट आहे का आमच्या?"

"दुधात नाही साहेब, माझ्यात आहे," मॅडम म्हणाल्या आणि कप उचलला.

हेमलता चौगुले म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या चिमुकल्या कंपनीच्या मुख्य इंजिनिअर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, आणि जिभेला अशी धार की गिऱ्हाईक आधी चिडायचं आणि मग पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलवायचं. मी त्यांच्या हाताखाली नवीन होतो. नाव श्रीपाल उपाध्ये. काम काय, तर त्या सांगतील ते टाईप करायचं आणि व्हॅन चालवायची.

दसऱ्याच्या सुमारास संघाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता. सगळ्या फायलींना कुलूप लागलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर कुणाचं किती दूध आलं आणि कुणाला किती फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरचा जादा भाव, द्यायचा, काही कळेना. संघाची पार अब्रू गेली. म्हणून हा नवा फायरवॉल. फायरवॉल म्हणजे फाटकावरचा रखवालदार. तो येणाऱ्याला कोण, कुठून, कशासाठी, हे विचारतो आणि मगच आत सोडतो. पण त्याला माणसं आधी ओळखवून द्यावी लागतात. प्रत्येक गावच्या दूध संस्थेत संघानं दिलेला एक कॉम्प्युटर असतो, त्याला आकड्यांचा एक पत्ता असतो. तो पत्ता भरायचा, त्याला नाव द्यायचं, मग सारख्या कामाच्या पत्त्यांचा एक गट करायचा आणि नियम गटाला लावायचा. शंभर गावांना शंभर नियम लिहीत बसायला नको.

नाव द्यायच्या कामाला मॅडम बारसं म्हणायच्या. आणि बारशाचा त्यांचा एक हट्ट होता. यंत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही. दुसऱ्या कंपन्या ऑफिसात बसून यादी उतरवून घेतात. आम्ही महिनाभर गावोगाव धूळ खात हिंडलो होतो. व्हॅनच्या सीटचा ठसा माझ्या पाठीवर कायमचा उमटला असावा.

राहिलं होतं फक्त हिंगणमाळ. संघाकडून कोणी तिथे न्यायलाच तयार नव्हतं, ते का हे आज कळलं.

"व्हायरस हिंगणमाळच्या पत्त्यावरूनच आला," साहेब सांगत होते. "आमच्या कॉम्प्युटर विभागानं काढलंय शोधून. संध्याकाळच्या संकलनाला तुमचं नवं यंत्र चालू होणार ना? त्यात ते गाव नको. त्यांचं दूध घ्यायचं नाही. टँकर थांबणार नाही."

शेजारी बसलेल्या दोन संचालकांनी माना डोलावल्या. हिंगणमाळनं मागच्या निवडणुकीत साहेबांच्या विरुद्धच्या पॅनेलला एकगठ्ठा मतं दिली होती, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण तसं कोणी बोललं नाही.

"ठीक आहे," मॅडम उठत म्हणाल्या. "जाऊन बघून येते."

"बंदच करायचंय, तर बघायचं काय त्यात?"

"साहेब, माणसाला दारातून परत पाठवायचं असलं तरी आधी त्याचं तोंड बघतात."

व्हॅनमध्ये मी विचारलं, "मॅडम, आपलं पुढच्या वर्षीचं काम ह्याच माणसाच्या सहीवर आहे ना?"

"हो."

"मग?"

"मग गाडी चालव."

हिंगणमाळ नावाप्रमाणेच माळावर आहे. रस्ता संपतो, तिथून गाव लागतं. दूध संस्था म्हणजे मरगूबाईच्या देवळाला लागून एक खोली. फिनेलचा आणि दुधाचा मिसळलेला वास, बाहेर उन्हात उपडे घातलेले कॅन. मॅडमनी दारातच पदर नाकाला लावला. मी मनात म्हटलं, आता इथे तरी असं नको होतं करायला.

सचिव रंगराव खोत टोपी सारखी करत पुढे आले. साठी गाठलेला, उभट चेहऱ्याचा माणूस. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"आमचं गाव काढलं म्हनं?" त्यांनी विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, हेच जास्त वाईट वाटलं.

"अजून नाही काढलं. बघायला आलेय."

"बगा की. बसा." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसली. "तुमाला म्हनून सांगतो, मॅडम. हितं शेती म्हंजे नुसता खडक. दूध हाय म्हनून चुली पेटत्यात. दुसऱ्या डेअरीची गाडी हिकडं येत न्हाई. संघानं न घेतलं तर संध्याकाळचं दूध लोकांनी वतायचं कुठं?"

मॅडमनी त्याचं उत्तर दिलं नाही. त्या टेबलाकडे गेल्या. कॉम्प्युटरवर स्वच्छ धुतलेलं फडकं झाकलं होतं. ते त्यांनी बाजूला केलं, डब्याच्या पाठीमागचा पत्ता मला वाचून दाखवला, तो यादीतल्या पत्त्याशी जुळला. म्हणजे संघाचं म्हणणं खरं होतं. व्हायरस ह्याच डब्यातून गेला होता. माझं मन खट्टू झालं.

मॅडम मात्र डब्याच्या पुढच्या बाजूला वाकून काहीतरी बघत होत्या. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"खोत भाऊ, तुमचं ग्रामदैवत कोणतं?"

"मरगूबाई. ही काय, शेजारीच."

"मग हा कोण?"

मी वाकलो. डब्याच्या कोपऱ्यावर एक जुनं स्टिकर होतं, वर हळदकुंकवाची सुकलेली बोटं. स्टिकरवर लिहिलं होतं, 'श्री सिद्धोबा प्रसन्न'.

रंगरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. टोपी काढली, परत घातली.

"देव तर सगळेच आपले हायत की."

"ते खरंच. पण सिद्धोबा तुमच्या डब्यावर कसा येऊन बसला?"

ते कॉम्प्युटरवरच्या फडक्याची घडी घालत बसले. मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. त्यांची ही एक खोड होती. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत त्या हलायच्या नाहीत. शेवटी रंगरावांनी दार लोटून घेतलं.

"दसऱ्याच्या आधी बोरसांगव्यात वीज पडली. त्यांचा कंप्युटर जळाला. तिथली सचिव बाई, शालनताई, पळत आली माझ्याकडं. दिवाळीचा फरक काढायच्या दिसांत दुधाची नोंद गेली न्हाई तर गाव जीव घेईल म्हनली. संघाकडनं नवीन यायला उशीर. मग आमचा दिला. कॅन न्हाई का देत आपन एकमेकास्नी, तसा. टँकरमदनंच पाठिवला."

"सगळा डबा दिला?"

"सगळा. वायरीसकट. आमी आमचं कागदावर लिवलं, परत आल्यावर भरलं."

मॅडमनी डोक्याला हात लावला आणि चक्क हसल्या. "भाऊ, तुम्ही कॉम्प्युटर नाही दिलात. तुम्ही तुमचं नाव उसनं दिलंत. तो डबा जिथे जाईल तिथे संघाला वाटणार, हिंगणमाळच बोलतंय."

"ते आमास्नी काय म्हाईत?"

"आणि दसऱ्याला तिथे त्याची पूजा झाली."

"व्हय. आनि पूजेला गानी लावली, सिद्धोबाची. कुनाच्या तरी पेनड्राईव्हवरनं."

मी आणि मॅडमनी एकमेकांकडे बघितलं. व्हायरस गाण्यांबरोबर आला होता. अध्यक्षांच्या गावात, अध्यक्षांच्या देवाच्या आरतीबरोबर.

"अहो, मग हे संघात सांगितलं का नाही?" मी न राहवून म्हणालो. "तुमचं गाव सुटलं असतं!"

"आनि शालनताईची नोकरी गेली असती. डबा दुसऱ्याला द्यायला बंदी हाय. विधवा बाई हाय ती, दोन पोरी हायत. मी शब्द दिलाय, नाव घ्यायचं न्हाई." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "तुमीबी घ्यायचं न्हाई, मॅडम. हात जोडतो."

"नाही घेणार," मॅडम म्हणाल्या. "पण एक सांगा. हे स्टिकर का नाही काढलंत? तेवढं खरवडलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं."

रंगराव दचकले. "देवाला कसा खरवडायचा हो?"

निघताना त्यांनी दोन पेले गरम दूध आणलं. म्हशीचं, वर साय. मॅडम म्हणाल्या, "मला कोरा चहा असेल तर द्या." रंगरावांना ते अपमानासारखं लागलं असावं, म्हणून मी दोन्ही पेले संपवले. परतीच्या रस्त्यावर मी मनात एकच गणित मांडत होतो. खरं सांगितलं तर एका बाईची नोकरी जाणार, आणि गप्प बसलो तर संध्याकाळी एका गावाचं दूध रस्त्यावर येणार. ह्यातून वाट कशी काढतात हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये परत आलो. तेच दोन संचालक, तोच सिद्धोबा. मॅडमनी लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "श्रीपाल, गट उघड. नाव दे, पंगत."

"काय?"

"पंगत. जेवणाची."

मी टाईप केलं. पडद्यावर डावीकडे गावांची यादी, उजवीकडे रिकामी चौकट. डावीकडचं नाव निवडून बाण दाबला की ते उजवीकडे, म्हणजे गटात जातं.

"साहेब, ही आपल्या संस्थांची पंगत," मॅडम सांगायला लागल्या. "सगळे एका रांगेत बसणार. वाढणारा एकच, संघाचा सर्व्हर. प्रत्येकानं दूध सांगायचं, आणि आपलं माप घेऊन उठायचं. नियम एकच. शेजारच्या पानात हात घालायचा नाही. आता एका गावाचा व्हायरस दुसऱ्या गावाला लागणार नाही, आणि संघाच्या बाकीच्या कॉम्प्युटरपर्यंत तर पोचणारच नाही. उद्या कोणी पेनड्राईव्हवर गाणी लावली, तरी."

"गाणी?" साहेबांनी विचारलं.

"उदाहरण दिलं."

मी एकेक नाव उजवीकडे सरकवत गेलो. साहेबांना ते आवडलं असावं. गावांची नावं वाचत होते, सगळ्यांमागून बोरसांगवे गेलं तेव्हा "आमचं" म्हणाले. शेवटी डावीकडे एकच नाव राहिलं.

"आता हे बंद करा," साहेब म्हणाले.

"करू. पण फायरवॉलमध्ये गाव बंद होत नाही साहेब, यंत्र बंद होतं. म्हणून व्हायरस आलेलं यंत्र मी स्वतः बघून आले. खूण सांगते, म्हणजे गफलत नको. डब्यावर डाव्या कोपऱ्यात एक स्टिकर आहे. दसऱ्याच्या पूजेचं. श्री सिद्धोबा प्रसन्न."

"हिंगणमाळात सिद्धोबा कसला?" एक संचालक पटकन बोलून गेले. "तिथं मरगूबाई—"

आणि त्यांचं त्यांनाच कळलं. दुसऱ्या संचालकांनी नकळत भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, आणि बघितल्याचं लक्षात आल्यावर घाईनं खिडकीकडे.

साहेबांनी मात्र मागे वळून बघितलं नाही. त्यांना गरज नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला आणि मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार.

"कोणी नेला होता तो डबा?" त्यांनी हळू विचारलं.

"ते मला विचारू नका. मी बघितलं ते सांगितलं. एकाला यंत्राची अडचण होती, शेजाऱ्यानं दिलं, पूजा झाली, परत गेलं. चोरी नाही, लबाडी नाही. आपल्याकडे कॅन देतात तसं." मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आणि व्हायरस कोणाच्या हातून आला हे शोधायची आता गरजच उरली नाही. पंगतीचा नियम लागला की पुन्हा येणार नाही. त्यासाठीच तर तुम्ही आम्हाला बोलावलंत."

मॅडमनी माऊस उचलला आणि साहेबांच्या हाताशी ठेवला.

"तरीही काढायचं म्हणत असाल, तर अध्यक्ष तुम्ही आहात. पण पंगतीतून कोणाला उठवायचं ते यजमानानं स्वतः उठवावं. वाढप्याला सांगू नये. बंद करायचं असेल तर हे खालचं बटण. बसवायचं असेल तर हा बाण."

मी आयुष्यात कोणाला इतकं शांतपणे असलं धाडस करताना बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षीचं काम गेलं, असं मी मनातल्या मनात लिहून टाकलं. आणि तरी मला असं वाटत होतं की उठून त्या बाईच्या पाया पडावं.

साहेबांनी माऊस धरला. त्यांना सवय नव्हती. पडद्यावरचा कर्सर इकडेतिकडे पळायला लागला. खालच्या बटणावर गेला. तिथे थांबला. बाहेर आवारात पहिला टँकर निघाल्याचा आवाज आला.

"नाव निवडायला काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"नावावर आणायचं आणि एकदा दाबायचं."

त्यांनी हिंगणमाळवर दाबलं. मग पुन्हा कर्सर भरकटला, मॅडमनी मदत केली नाही, आणि मग साहेबांनी स्वतःच तो बाणावर आणून दाबला. नाव उजवीकडे गेलं. बोरसांगव्याच्या बरोबर खाली.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं, साहेब."

"त्या शालनला नवीन कॉम्प्युटर मिळाला का नीट, ते बघायला सांगतो," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "बाई एकटीच सगळं बघते तिथं." मॅडमनी तिचं नाव घेतलं नव्हतं. साहेबांना विचारायचीही गरज पडली नव्हती. आपल्या गावचा माणूस आपण ओळखतोच. खरं सांगतो, त्या क्षणी मला मगदूम साहेबही आवडले.

संध्याकाळी आम्ही संकलन चालू होताना बघत थांबलो. पडद्यावर एकेक गाव बोलायला लागलं. हिंगणमाळ उशिरा आलं, पण आलं. पुढे लिटरचे आकडे पडायला लागले. मॅडम ते आकडे बघत उभ्या राहिल्या, बाकी कुठल्याच गावाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

घाटाच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याला त्यांनी बजावलं, "एक कोरा. पातेलं वेगळं हं, दुधाच्या पातेल्यात नको."

मी हसलो. "मॅडम, दुधाचा वाससुद्धा चालत नाही तुम्हाला. मग संघाचं काम घेतलं कशाला?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलतील.

"मी सातवीत होते," त्या म्हणाल्या. "वडिलांनी निवडणुकीत गावाच्या विरुद्ध मत दिलं. मग आमचं घर वाळीत टाकलं. किराणा नाही, पाणी नाही. आमच्या दोन म्हशी होत्या. दूध घेऊन केंद्रावर मी जायचे. रोज जायचे आणि भरलेली किटली घेऊन परत यायचे. मग ते दूध आम्ही तिघं भावंडं प्यायचो. सकाळी दूध, दुपारी दूध, रात्री दूध. दुसरं काही नसायचंच घरात. उरलेलं आई उकिरड्यावर ओतायची, आम्ही झोपलो असं समजून. तेव्हापासून वास सहन होत नाही."

मी हातातली गाडीची किल्ली खिशात ठेवली.

"केंद्रावरचा माणूस वाईट नव्हता रे," त्या पुढे म्हणाल्या. "त्याला वरून सांगितलं होतं, घेऊ नको. मी रांगेत उभी राहिले की तो मान खाली घालायचा आणि धुतलेली मापं परत परत धूत बसायचा. मला रोज वाटायचं, आज घेईल. आज तरी घेईल. एकदाही घेतलं नाही त्यानं."

टपरीवाल्यानं ग्लास पुढे केला. मॅडमनी तो दोन्ही हातांत धरला.

"सकाळी साहेब म्हणाले ना, हिंगणमाळ तेवढं बाहेर ठेवा? तेव्हा माझ्या लक्षात आलं, आता माप माझ्या हातात आहे."

मग त्यांनी चहाचा घोट घेतला, गोड जास्त झालाय म्हणून टपरीवाल्याला चांगलं सुनावलं, आणि मला म्हणाल्या, "चल, गाडी काढ. उशीर झालाय."